तैलरंगात उभं व्यक्तिचित्र: धोतर, फेटा आणि पाय

उभ्या चित्रात चेहरा हुबेहूब येतो, तरी माणूस अधांतरी वाटतो. दोष बहुधा पायांत असतो, म्हणून जमिनीपासून सुरुवात करा.

धोतर-फेट्यातले आजोबा उत्तरेच्या उजेडात, शहाबादी फरशीवर उभे करा. वहाणांभोवती खडूने रेघ मारा. वीस मिनिटांनी विसावा घेऊन परतले की पाय हमखास सरकतात. तुम्ही 12 ते 15 फूट लांब थांबा. जवळून डोकं मोठं आणि पाय आखूड येतात.

30 × 48 इंची कॅनव्हासवर टाच ते टाळू 38 इंच धरलं, तर डोकं साधारण 5 इंच येतं. फेटा त्यात मोजू नका, कवटी फुगते. मग गवंड्याचा ओळंबा डोळ्यासमोर धरा. भार एका पायावर असेल तर गळ्याच्या खळगीतली उभी रेघ त्याच पायाच्या घोट्याजवळ उतरते. काठी टेकली असेल तर ही रेघ काठीकडे सरकते. गुडघे धोतराखाली झाकलेले असले तरी त्यांच्या खुणा करा, चुण्या तिथूनच ताणल्या जातात.

पहिला थर बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून, फक्त सावल्यांचा.

खरी परीक्षा धोतराची. पांढरं म्हणून ट्यूबमधला पांढरा थापला की धोतर खडूसारखं दिसतं. उजेडात टायटॅनियम व्हाइटमध्ये किंचित यलो ऑकर (मातकट पिवळा). सावलीत त्याच पांढऱ्यात अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). उत्तरेचा उजेड थंड असतो, म्हणून सावली जरा उबदार ठेवा. काठाजवळ फरशीचा करडा उजेड वर चढतो, तो सोडू नका. निव्वळ पांढरा शेवटी, दोन-तीन चुण्यांच्या धारेवरच.

पुढच्या थरांत जवसाचं तेल थोडं थोडं वाढवा. खाली तेलकट आणि वर कमी तेलाचा थर दिला तर चित्र तडकतं. तेल चित्रकारीचं शुद्ध केलेलंच घ्या. घाण्यावरचं चटणीवर उत्तम, चित्रात पिवळं पडतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जाड थरावर साय लगेच धरते, आत मात्र ओला राहतो आणि सुरकुततो. धुळीपासून वाचवायला कॅनव्हास रात्री भिंतीकडे तोंड करून, थोडा कलता ठेवा. व्हार्निश सहा महिन्यांआधी नको.

तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवा.