कंत्राटदाराविना घर बांधताना: स्लॅबच्या आदल्या दिवसाची तयारी

पाच वर्षांपूर्वी बेळगाव तालुक्यातील आमच्या गावी मी कंत्राटदार न नेमता घर बांधले. गवंडी, सेंट्रिंगवाला (स्लॅबखाली फळ्या-टेकूंचा साचा उभारणारा), लोखंड बांधणारे, इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर यांना वेगवेगळी कामे दिली आणि साहित्य स्वतः आणले. घर नीट उभे राहिले, पण स्लॅबमध्ये विजेचे पाइप टाकायचे राहून गेले, आणि ती चूक आजही प्रत्येक खोलीच्या छताला दिसते. आता धाकटा भाऊ शेजारच्या जागेत बांधायला घेतो आहे. ही तयारी मुख्यतः त्याच्यासाठी लिहिली आहे.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. ग्रामपंचायतीच्या हद्दीत ई-स्वत्तूचे (कर्नाटकातील मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचे) नमुना 9 आणि नमुना 11 हातात असल्याशिवाय आणि बांधकाम परवाना मिळाल्याशिवाय पाया खोदू नये. हे कागद कन्नडमध्ये असतात, म्हणून कन्नड चांगले वाचणाऱ्या माणसाकडून क्षेत्रफळ आणि चतुःसीमा शब्दन् शब्द वाचून घ्याव्यात आणि मगच सही करावी. हेस्कॉमची (आपल्याकडच्या वीज कंपनीची) तात्पुरती वीजजोडणी आणि पाण्याची सोय पहिल्या दिवसाच्या आधी व्हायला हवी.

वेळापत्रक पावसाकडे पाहून ठरवावे. आपल्या पश्चिमेकडच्या भागात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, जून ते सप्टेंबर बाहेरचे काम होत नाही. दिवाळीनंतर लगेच सुरुवात करू म्हटले तर भाताची सुगी चालू असते आणि बिगारी मिळत नाहीत. एप्रिल-मेमध्ये गावोगावच्या यात्रा आणि लग्ने असतात, वळिवाचा पाऊसही असतो. त्यामुळे डिसेंबरमध्ये पाया आणि मार्चपर्यंत स्लॅब, असे धरून चालावे.

पाया मातीवर अवलंबून असतो. खानापूरकडची तांबडी, जांभ्याची जमीन आणि पूर्वेकडची काळी जमीन यांना एकच मोजमाप लावता येत नाही, कारण काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शेजाऱ्याचा पाया किती खोल होता हे विचारून काम भागत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पायाचा आणि लोखंडाचा नकाशा घ्यावाच. या खर्चात काटकसर करू नये.

सिमेंट लागेल तसेच आणावे, तीन महिन्यांहून जुने वापरू नये आणि पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत. लोखंडाचे वजन करून घ्यावे: 12 मीटर लांबीची 8 मिलिमीटरची सळई सुमारे 4.74 किलो भरते. वजनात मोठी तूट आढळली तर गाडी परत पाठवावी.

आता मुख्य गोष्ट. स्लॅबच्या आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियन सेंट्रिंगवर हजर असला पाहिजे. कंत्राटदार असता तर लोखंड बांधून झाल्याचे त्यानेच इलेक्ट्रिशियनला कळवले असते. कंत्राटदार नसतो तेव्हा हे कळवणे कोणाचेच काम नसते, म्हणून ते आपले असते. लोखंड बांधणारा त्याचे काम संपवून निघून जातो, गवंड्याला मिक्सर आणि माणसे जमवायची घाई असते, आणि पाइपांचे नाव कोणी काढत नाही. माझ्या वेळी सकाळी मिक्सर आला, माणसे आली आणि त्या दिवशी इलेक्ट्रिशियन एका लग्नाला गेला होता. गवंडी म्हणाला, नंतर झिरी मारून, म्हणजे काँक्रीटमध्ये खाच कोरून, पाइप बसवू. मी होकार दिला. असा होकार कोणीही देऊ नये.

नंतर झिरी का मारता येत नाही, हे नीट समजून घ्यावे. स्लॅबच्या खालच्या सळईखाली काँक्रीटचे आवरण साधारण 20 मिलिमीटर असते आणि विजेचा पाइप बहुधा 25 मिलिमीटरचा असतो. तो आत बसवायचा तर सळई उघडी पडणारच. आमच्या एका खोलीत ती पडली आणि दोन पावसाळ्यांत तिथे गंजाचा डाग उमटला. बाकीच्या खोल्यांत पाइप छताखालून उघडेच नेले.

म्हणून स्लॅबची तारीख ठरताच इलेक्ट्रिशियनला ती सांगावी, दोन दिवस आधी पुन्हा सांगावी, आणि तो आला नाही तर तारीख पुढे ढकलावी. मिक्सरचे भाडे बुडाले तरी चालेल. प्रत्येक दिव्याची आणि पंख्याची जागा नकाशावर आधीच खुणावलेली असावी. पाइप खालच्या जाळीच्या वर बांधावेत, सांधे सोल्युशनने चिकटवावेत, बॉक्स कागदाने गच्च भरावेत म्हणजे सिमेंटचे पाणी आत शिरणार नाही, आणि पंख्याचे हूक सळईला बांधावेत. सगळे मोजायचा टेप लावून मोबाइलवर टिपून ठेवावे. काँक्रीट पडत असताना तुडवून पाइप निखळतात, म्हणून इलेक्ट्रिशियनचा एक माणूस संध्याकाळपर्यंत स्लॅबवर थांबलाच पाहिजे. प्लंबरलाही त्याच दिवशी बोलवावे: न्हाणीघराचा स्लॅब किती खाली घ्यायचा आणि पाइप कुठून जाणार हे आधीच ठरावे, कारण पुढे तुळई फोडून पाइप नेणे म्हणजे घराची ताकद कमी करणे होय.

उन्हाळ्याच्या दिवसांत साध्या सिमेंटच्या स्लॅबला किमान 10 दिवस आणि पीपीसीला (पोझोलाना मिसळलेल्या पोर्टलंड सिमेंटला) 14 दिवस पाणी टिकवून ठेवावे. सेंट्रिंगचे टेकू 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) 7 दिवसांआधी आणि त्याहून मोठ्याला 14 दिवसांआधी काढू नयेत. ही मुदत साध्या पोर्टलंड सिमेंटची आहे, पीपीसी असेल तर ती इंजिनिअरला विचारून वाढवावी. सेंट्रिंगवाल्याला फळ्या दुसरीकडे न्यायची घाई असते, तिला भीक घालू नये.

पुढे गिलावा करण्यापूर्वी भिंतींतल्या झिऱ्या पूर्ण झाल्या का, हे पाहावे. फरशीआधी न्हाणीघरात पाणी भरून गळती तपासावी. दारे-खिडक्या, रंग, गटार ही कामे ओळीने होतात. आणि वरचा मजला चढवायचा असेल, तर त्या स्लॅबच्या आदल्या दिवशीही इलेक्ट्रिशियनला बोलवावे.