इंजिन ऑइल खाते आहे? खोलण्याआधी काय तपासाल

पिकअप ऑइल खाऊ लागली की बहुतेकांना थेट पिस्टनच्या रिंगांची शंका येते आणि इंजिन उतरवण्याची बोलणी सुरू होतात. घाई करू नका. नुसता ब्रीदर व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतला वायू बाहेर काढणारा) बदलून जे काम भागले असते, त्यासाठीही इंजिने खोलली जातात. आधी मोजमाप, मग गळती, मग ब्रीदर, मग धूर आणि स्पार्क प्लग, आणि त्यानंतरच कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब), हा क्रम मोडू नका.

आधी मोजा

गाडी सपाट जागी उभी करा. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबा, म्हणजे वरचे ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरते. डीपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि पातळी बरोबर वरच्या खुणेपर्यंत आणा. त्याहून वर नको. जास्त भरलेले ऑइल क्रँकने घुसळले जाते आणि ब्रीदरवाटे इंजिनात ओढले जाते. किलोमीटर लिहून ठेवा. दर 500 किमीला त्याच जागी, त्याच पद्धतीने पाहा आणि कमी झालेले ऑइल मापाच्या भांड्यातूनच घाला. 1,500 किमीनंतर खरा आकडा हाती येतो.

बऱ्याच उत्पादकांच्या मॅन्युअलमध्ये 1,000 किमीला अर्धा ते एक लिटर खपसुद्धा चालतो असे लिहिलेले असते. तरी पूर्वी दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये थेंबभरही न मागणारे इंजिन आता अर्धा लिटर मागत असेल, तर ते आजारी आहे, मॅन्युअल काहीही म्हणो. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल पिकअपमध्ये आणखी एक फसवणूक होते: फिल्टर साफ होताना न जळलेले डिझेल चेंबरमध्ये उतरते आणि ऑइल कमी होत असूनही पातळी तेवढीच दिसते. डीपस्टिकला डिझेलचा वास आला तर ऑइल बदलून मगच मोजायला घ्या.

गळती

इंजिन डिग्रीझरने धुऊन एक दिवस चालवा आणि टॉर्च घेऊन खाली शिरा. ऑइल खाली उतरते आणि वाऱ्याने मागे जाते, म्हणून सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला डाग शोधा. टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे) गॅस्केट, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची बैठक, ड्रेन प्लगचा वॉशर ही नेहमीची ठिकाणे. गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या सांध्यातून थेंब पडत असेल तर मागच्या क्रँक सीलवर ठपका येतो, पण टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातले ऑइलही नेमके तिथेच येऊन टपकते. गिअरबॉक्स उतरवण्याआधी वर हात घालून बघा.

ब्रीदर

इथे वेळ द्या, कारण सर्वांत स्वस्त इलाज इथेच आहे. रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली चेंबरमध्ये जातोच. ब्रीदरचा व्हॉल्व्ह, म्हणजेच पीसीव्ही व्हॉल्व्ह, तो वायू इनटेककडे (हवा आत घेणाऱ्या मार्गाकडे) परत नेतो. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर वायूबरोबर ऑइलही ओढले जाते. बंद अडकला तर आत दाब वाढतो आणि चांगली सीलेही गळू लागतात.

पेट्रोल इंजिन आयडलवर ठेवा, ऑइल भरायचे झाकण काढा आणि तोंडावर पातळ कागद धरा. कागद हलकाच ओढला गेला पाहिजे. तो बाहेर फेकला गेला तर व्हॉल्व्ह बंद आहे किंवा रिंगांतून जास्त वायू उतरतो आहे. जोरात चिकटला आणि शिट्टीसारखा आवाज आला तर पीसीव्ही व्हॉल्व्हचा रबरी पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी. सुटा व्हॉल्व्ह काढून हलवल्यावर टकटक वाजला पाहिजे. न वाजल्यास होजसकट बदला. बऱ्याच नव्या इंजिनांत व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमध्येच असतो, तिथे ही हलवण्याची चाचणी लागू नाही.

धूर काय सांगतो

रात्रभर उभ्या गाडीने सकाळी निळ्या धुराचा एक लोट सोडला आणि मग साफ झाली, तर व्हॉल्व्ह सील (ब्रीदरचे नव्हे, सिलिंडरवरच्या व्हॉल्व्हच्या दांड्यांवरचे). उतारावर ॲक्सिलरेटर सोडून खाली आल्यावर पुन्हा दाबताच धूर आला, तरी सील किंवा गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी). चढावर, लोडखाली सतत निळा धूर असेल तर रिंगा. प्लग काढून ओळीने मांडा. एकच ओला आणि काळा असेल तर शोध त्या सिलिंडरपुरता उरतो.

टर्बो असल्यास इंटरकूलरचा पाइप सोडा. आत ऑइलचा पातळ थर चालतो, डबके चालत नाही. पण टर्बो बाद ठरवण्याआधी त्याची ऑइल परतीची नळी आणि एअर फिल्टर तुंबलेला नाही ना ते पाहा. डिझेलमध्ये हे साचलेले ऑइल काढल्याशिवाय गाडी चालवू नका. इंजिन त्याच ऑइलवर बेफाम पळू शकते आणि चावी बंद करूनही थांबत नाही.

कंप्रेशन

इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दाब येईपर्यंत स्टार्टर फिरवा. पेट्रोल इंजिनात साधारण 120 ते 180 पीएसआय मिळतो, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा: दाब चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. डिझेलमध्ये ऑइल घालून ही चाचणी करू नका.

कंप्रेशन उत्तम आले म्हणून रिंगा निर्दोष ठरत नाहीत. दाब वरच्या दोन रिंगा धरतात. ऑइल खरवडणारी खालची रिंग कार्बनने जाम झाली तरी आकडे छान येतात. अशा पेट्रोल इंजिनात आधी कार्बन सोडवून बघा. पिस्टन अर्ध्या उंचीवर आणून प्रत्येक सिलिंडरमध्ये 30 ते 50 मिली पिस्टन क्लीनर घाला आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लगच्या भोकांवर फडके धरून स्टार्टर मारा आणि उरलेले द्रव पूर्ण बाहेर काढा. ते आत राहिले आणि प्लग लावून स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. नंतर ऑइल आणि फिल्टर बदलाच, कारण क्लीनर चेंबरमध्ये उतरलेला असतो.

व्हॉल्व्ह सील बदलायला बऱ्याच इंजिनांत हेड काढावे लागत नाही: पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून 6 ते 7 बार हवा भरली की व्हॉल्व्ह जागेवर धरून राहतात. रिंगा बदलायच्याच झाल्या तर बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) होनिंग करून, म्हणजे बारीक चरे पाडून घ्या. गुळगुळीत झालेल्या भिंतीवर नव्या रिंगा बसत नाहीत.

दुरुस्तीनंतर थोडे दिवस निळा धूर दिसू शकतो, कारण सायलेन्सरमध्ये साचलेले ऑइल जळत असते. तो थांबला की पुन्हा 1,500 किमीचे मोजमाप लावा.