तरणं, थोराड कुत्रं आवरताना या चुका टाळा

नऊ-दहा महिन्यांचं रॉटवायलर किंवा जर्मन शेफर्ड मालकाला फाटकातून ओढत बाहेर काढायला लागलं, की गल्लीत निदान ठरलेलं असतं: 'डोक्यावर बसलंय, आत्ताच दाबा.' मग सल्ले सुरू. कोण म्हणतं काटेरी पट्टा घाला, कोण म्हणतं दोन दिवस उपाशी ठेवा. तालमीत जाणारा एखादा दोस्त तर थेट डावच सांगतो, 'एकदा चीतपट कर भावा, परत नाद करायचं नाही.' कोल्हापूरला कुस्तीचं वेड आहे हे कबूल, पण हा डाव कुत्र्यावर टाकू नका.

उताणं पाडून मालक कोण ते दाखवायची ही कल्पना लांडग्यांवरून आली. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये एकत्र कोंडलेल्या लांडग्यांमधली भांडणं नोंदवली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती कल्पना सगळीकडे पसरली. पुढं मोकळ्या रानातले लांडगे बघितल्यावर याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिलं, की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तिथं कुणी मारामारी करून पुढारी होत नाही. कुत्र्यावर गुडघा टेकवून काय साधतं? ते घाबरतं आणि गुरगुरायचं थांबतं. गुरगुरणं ही ताकीद असते. ती मारून बंद केली की पुढच्या खेपेला ताकीद न देता थेट दात लागतात, आणि तेही बऱ्याचदा घरातल्या लहान पोराला.

बहुतेक वेळा प्रकरण वयाचं असतं. साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत, मोठ्या जातींत दोन वर्षांपर्यंतही, अंगात ताकद आलेली असते पण डोकं अजून पिल्लाचंच असतं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की आठ महिन्यांच्या सुमारास कुत्री आपल्याच माणसाचं 'बस' म्हटलेलं कमी ऐकतात, परक्याचं मात्र ऐकतात. तेव्हा 'ट्रेनर आला की शहाणं, आम्ही घेतलं की येडं' या तक्रारीत कुत्र्याचा काही कट नाही. ओढण्याचं कारण तर त्याहून साधं. ओढलं की पुढं जायला मिळतं, हे आपणच त्याला रोज दोन वेळा शिकवतो.

एक अपवाद इथंच सांगतो. ताटलीजवळ गेलं की अंग ताठ करून टक लावणारं, किंवा कालपर्यंत शांत असून अचानक हात लावू न देणारं कुत्रं असेल, तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. कानातलं इन्फेक्शन आणि मोठ्या जातींतलं खुब्याचं दुखणं यांमुळंही कुत्रं चिडचिडं होतं. तिथं कुठलाही पट्टा कामाचा नाही.

सामान घेतानाच होणारी गडबड

दुकानात पहिली नजर जाते ती जाड, चकचकीत चोक चेनवर. कुत्रं भारदस्त दिसतं हे खरं. पण साखळी आवळली की श्वासनळी दाबली जाते, डोळ्यांवरचा दाब वाढतो, आणि दुसरं कुत्रं दिसताक्षणी झटका बसला तर कुत्र्याच्या डोक्यात हिशेब पक्का होतो: समोर कुत्रं आलं की गळा दुखतो. मग ते आणखी जोरात भुंकतं, आणि मालक आणखी जोरात झटका देतो. काटेरी पट्ट्याचंही तेच.

त्यावर उपाय म्हणून लोक हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा) आणतात, पण नेमका पाठीवर कडी असलेला. बर्फात गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांनाही असाच साज असतो, कारण त्यात छातीचा पूर्ण जोर लावता येतो. तरण्या लॅब्रॉडॉरला तो घातला की ओढणं आणखी सुखाचं. कडी छातीवर, पुढच्या बाजूला असलेला घ्या. त्यानं ओढलं की अंग आपोआप तुमच्याकडं वळतं, जोर वाया जातो. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. काखेत घासत असेल तर माप चुकलंय. वाढत्या वयात तीन-चार आठवड्यांनी माप पुन्हा बघायचं. घाबरून मागं सरकणारं कुत्रं हार्नेसमधून सहज निसटतं, म्हणून एक छोटी जोडपट्टी हार्नेसपासून साध्या गळपट्ट्याच्या कडीत अडकवा. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बी सुरू झाला की तिची किंमत कळते.

बटण दाबून लांब-आखूड होणारी लीश, म्हणजे हातात धरायची दोरी, शहरात नकोच. तिच्यात कायम ताण असतो, म्हणजे ओढलं तरच दोरी मिळते हा उलटा धडा. शिवाय राजारामपुरीतल्या गर्दीत तीस किलोचं जनावर पाच मीटर पुढं असून काय उपयोग? पाच-सहा फुटांची साधी नायलॉनची किंवा कापडी लीश बास. तिचं टोक मनगटाला गुंडाळू नका. कुत्र्यानं हिसका दिला तर माणूस पडतो, बोटं मोडतात. फासात अंगठा घाला, मूठ मिटा, आणि दुसरा हात लीशवर कुत्र्याच्या बाजूला ठेवा. दहा वर्षांच्या पोराच्या हातात तर देऊच नका, कितीही हट्ट करू दे.

तोंडावरून जाणारा हेड हॉल्टर काही कुत्र्यांना चांगला चालतो. पण आणला, चढवला आणि निघाले असं केलं तर कुत्रं नाक जमिनीवर घासत बसतं. आठवडाभर घरात, खाऊ दाखवत सवय लावा, आणि त्याला झटका कधीच देऊ नका, मानेला इजा होते.

शिकवताना कुठं चुकतं

सामानामुळं तुम्हाला फक्त वेळ मिळतो; शिकवायचं काम उरतंच. पद्धत रटाळ आहे. लीश ताणली की थांबायचं. बोलायचं नाही, ओढायचं नाही. कुत्रं मागं वळून बघतं, लीश सैल पडते, त्याच क्षणी 'शाब्बास' आणि तोंडात उकडलेल्या चिकनचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा, तोही तुमच्या मांडीजवळ. मग पुढं. पहिले काही दिवस फाटकापासून कोपऱ्यापर्यंत पोचायला अर्धा तास लागेल, शेजारी हसतील. इथंच लोक हरतात: चार दिवस थांबतात आणि पाचव्या दिवशी ऑफिसला उशीर होतोय म्हणून ओढू देतात. अधूनमधून यश मिळालं की कुत्रं ओढायला आणखी चिकाटीनं लागतं. घाईच्या दिवशी फिरायला नेऊच नका, अंगणात चेंडू खेळा. घरातल्या सगळ्यांचा नियम एकच हवा. आजोबा ओढू देतात आणि सूनबाई थांबतात, असं झालं तर सगळी मेहनत पाण्यात.

गल्लीतली कुत्री ही खरी परीक्षा. ती दिसली की आपण नकळत लीश आवळतो आणि तो ताण थेट कुत्र्यापर्यंत पोचतो. तुमचं कुत्रं अजून खाऊ घेतंय तेवढ्या अंतरावरच रस्ता ओलांडा किंवा अर्धगोल फिरून जा. खाऊ समोर धरूनही बघत नसेल तर तुम्ही फार जवळ आलात. 'चल' म्हणून गर्रकन मागं वळण्याची सवय रिकाम्या रस्त्यावर आधीच लावून ठेवा. संध्याकाळी रंकाळ्याच्या चौपाटीवर, भेळ खाणाऱ्या गर्दीत, हा सराव होत नाही, पहाटे जा.

'हाक मारली की येत नाही' याला कासरा चांगला. दहा मीटरचा सुती कासरा, पाठीवरही कडी असलेल्या हार्नेसच्या त्या मागच्या कडीत अडकवून (गळ्यात नाही, धावत टोकाला पोचलं की मान हिसडते). हातात मोजे घाला. रान मोकळं हवं, पण तोडणी झालेल्या उसाचं नको. खोडव्याची बुडखी पंजात घुसतात.

दुचाकीला बांधून पळवणं मात्र बंद करा. मोठ्या जातींची हाडं दीड वर्षापर्यंत वाढत असतात, आणि तापलेल्या डांबरावर पंजे भाजतात. हाताचा मागचा भाग सात सेकंद रस्त्यावर ठेवा. ठेववत नसेल तर कुत्र्यालाही नेऊ नका. 'नसबंदी केली की शांत होईल' असंही ऐकू येतं. त्यानं भटकणं आणि जागोजागी मुतणं कमी होतं. लीश ओढणं जात नाही. कधी करायची ते डॉक्टरांनी जात आणि वय बघून ठरवायचं.

पावसाळ्यात कातडी पट्टा भिजून ढिला पडतो आणि हूकला गंज चढतो. जुलैत दर आठवड्याला हूक चार-पाच वेळा उघडून बघा, अडकत असेल तर टाकून द्या. कुत्रं सुटून कुणाला चावलं तर प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ पर्यंत जाऊ शकतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि मुसकं. ते घातलं म्हणजे कुत्रं वाईट, असं काही नाही. जाळीचं घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. तोंड आवळणारं कापडी मुसकं दवाखान्यात दोन मिनिटांपुरतंच, फिरायला नाही. उन्हात कुत्रं धाप टाकूनच अंग थंड ठेवतं. जाळीच्या तळाला थोडं दही लावून घरीच सवय करा, म्हणजे लसीच्या दिवशी झटापट होत नाही.