जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतले शब्द शिकायचे कसे?

शेरलॉक होम्सच्या 'द रेड-हेडेड लीग' या कथेत जेबेझ विल्सन नावाचा गहाणवटीवर पैसे देणारा एक दुकानदार आहे. निव्वळ लाल केसांच्या जोरावर त्याला आठवड्याला चार पौंडांची नोकरी लागते. काम काय, तर एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका उतरवून काढायचा! बिचारा 'ए' अक्षरातच असताना नोकरी गायब होते. शब्दांच्या याद्या घोकणाऱ्यांची गत फारशी वेगळी नसते. 'बी' यायच्या आधीच उत्साह आटतो. तेव्हा याद्या बाजूला ठेवा आणि पुस्तक उघडा.

सुरुवात याच होम्सकथांपासून करावी. 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स' (1892) या संग्रहात बारा कथा आहेत, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट मिळतात आणि एका बैठकीत एक कथा सहज होते. मग जेन ऑस्टिन, आणि डिकन्स त्यानंतर. डिकन्सची वाक्यं लांबलचक आणि पात्रांची बोलीही वाकडीतिकडी. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधला जो नावाचा लोहार बोलायला लागला की डिक्शनरीही हात टेकते.

पहिल्या वाचनात डिक्शनरी उघडायचीच नाही. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीचा ठिपका द्या आणि पुढे चला. खुनी कोण हे कळायची घाई असतेच. एकदाच भेटलेला शब्द खुशाल सोडून द्या. पुन्हा पुन्हा आडवा येईल तोच शोधा. होम्सकथांत 'सिंग्युलर' सारखा येतो. शाळेतलं एकवचन तिथे उपयोगाचं नाही. अर्थ आहे 'विलक्षण, चमत्कारिक'.

खरी मेख इथेच आहे. अनोळखी शब्द निदान आपल्याला थांबवतो. ओळखीचा शब्द मात्र चुकीचा अर्थ गळी उतरवून निघून जातो. ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या (1813) पहिल्याच वाक्यातला श्रीमंत अविवाहित पुरुष 'इन वॉन्ट ऑफ अ वाइफ' आहे. इथे 'वॉन्ट' म्हणजे इच्छा नव्हे, उणीव. त्याला बायको हवी आहे की नाही, हे कुणी विचारलेलंच नाही! पुढे कॉलिन्स नावाचे पाद्री आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरीनच्या 'कॉन्डिसेन्शन'बद्दल भरभरून बोलतात. आज हा शब्द उपकार केल्यासारखं, तुच्छतेनं वागण्याला लावतात. त्या काळी त्याचा चांगला अर्थही होता: मोठ्या घरच्या माणसानं मोठेपणा बाजूला ठेवून खालच्यांशी आपुलकीनं वागणं. म्हणजे कॉलिन्स तक्रार करत नाहीत, मनापासून स्तुती करताहेत. आणि ऑस्टिन त्या लाचारीला हसते आहे. आजचा अर्थ धरून वाचलंत तर तिचा टोमणाच हुकतो. म्हणून नियम एकच: शब्द सोपा आहे, पण वाक्य जरा खटकतंय, असं वाटलं की तोच शब्द आधी तपासा.

तपासायचा कुठे? फोनमधली डिक्शनरी बहुधा आजचाच अर्थ आधी देते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात सालवार उदाहरणं असतात, त्यामुळे कोणता अर्थ कधी चलनात होता ते दिसतं. पण ऑनलाइन वापराला वर्गणी लागते. वेबस्टरचा 1913 चा कोश इंटरनेटवर मोफत आहे आणि बहुतेक वेळा तो पुरतो. आपल्यासाठी आणखी एक खजिना म्हणजे मोल्सवर्थनं सुरू केलेला आणि कँडीनं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश (1847). 'प्राइड अँड प्रेज्युडिस'नंतर अवघ्या चौतीस वर्षांनी इंग्रजी शब्दांना मराठीत काय म्हणत, ते त्यात सापडतं. त्यातलं मराठीही आज जुनं वाटतं, ती मजा वेगळीच.

वहीत सुटा शब्द लिहू नका. अख्खं वाक्य उतरवा; कोण, कुणाला, कोणत्या सुरात म्हणतंय ते लिहा आणि खाली एका ओळीत मराठी अर्थ. 'कॉन्डिसेन्शन'समोर 'कॉलिन्स, लेडी कॅथरीनबद्दल, हात जोडून' एवढी नोंद केली तरी पुरे.

गाड्या, कपडे, फर्निचर यांचे शब्द पाठ करण्यापेक्षा चित्रं पाहा. ऑस्टिनच्याच 'नॉर्दँगर अ‍ॅबी'त जॉन थॉर्प आपल्या 'गिग'ची बढाई मारतो, तर हेन्री टिल्नीकडे 'करिकल' असते. दोन्ही गाड्या दोन चाकांच्याच, पण गिगला एक घोडा आणि करिकलला दोन. कुणाची ऐपत किती, हे त्या काळच्या वाचकाला गाडीच्या नावावरूनच कळायचं. पैशांचं कोष्टक मात्र एकदा पाठ कराच: बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, एकवीस शिलिंगांची गिनी.

आणि हे शब्द लगेच वापरायच्या फंदात पडू नका. वाचताना कळले की काम झालं. साहेबांच्या 'कॉन्डिसेन्शन'बद्दल आभार मानणारी मेल पाठवलीत, तर साहेब काही 1813 च्या हिशेबानं ती वाचणार नाहीत.