फ्रीबीएसडीवर पॅच लावल्यावर रीबूट हवा की नको?

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर पॅच (दुरुस्त्या) लावून झाले, तरी ‘युनेम’ (आवृत्ती सांगणारी कमांड) जुनाच आकडा दाखवतंय. मग कुणी उगाच सर्व्हर रीबूट करतं, कुणी पॅच बसलाच नाही असं समजून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं.

१. ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ला आधी ‘फेच’, मग ‘इन्स्टॉल’ सांगा.
२. ‘फ्रीबीएसडी-व्हर्जन’ ही कमांड के, आर आणि यू हे तिन्ही पर्याय देऊन चालवा.

तीन ओळी येतील: डिस्कवरचा कर्नल (सिस्टिमचा गाभा), सध्या चालू असलेला कर्नल आणि यूजरलँड (कर्नल सोडून बाकीची मूळ सिस्टिम). क्रम हाच राहतो. पहिल्या दोन ओळी वेगळ्या असतील, तर नव्या कर्नलसाठी रीबूट. दोन्ही पी३ (पॅच क्रमांक ३) वर आणि तिसरी पी५ वर दिसली तर घाबरू नका, मधल्या पॅचेसनी कर्नलला हातच लावलेला नसतो. ‘युनेम’ फक्त चालू कर्नलचं सांगतं, त्याला बाकीचं काय माहीत!

रीबूट टळला तरी सेवा मात्र तपासा. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीचा पॅच असेल तर आधीपासून चालू असलेला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसतो. तिथे ‘रीलोड’ पुरत नाही, ‘रीस्टार्ट’च करा.