मनस्ताप होतो तेव्हा आधी काय करायचं?

उपाय शोधण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: ज्या गोष्टीचा त्रास होतोय ती मला बदलता येण्यासारखी आहे का? रिचर्ड लाझारस आणि सुसान फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये त्रासाला तोंड देण्याचे दोन मार्ग वेगळे करून मांडले. एक म्हणजे प्रश्नालाच हात घालणं, दुसरा म्हणजे त्यापायी उसळलेल्या भावना सांभाळणं. दोन्ही कामाचे, पण अदलाबदल झाली की घोळ होतो. जवळचं माणूस गेल्यावर ‘मी अजून काय करू शकलो असतो’ हा हिशेब कितीही मांडला तरी सुटत नाही, आणि थकलेल्या कर्जाचं पत्र न उघडता नुसतं ध्यानाला बसून कर्ज हलत नाही.

अर्थात हातपाय कापत असताना हे काही सुचायचं नाही. तेव्हा आधी शरीराकडे बघा. नाकाने ४ आकडे मोजत श्वास घ्या, ६ मोजत सोडा, असं ५ मिनिटं. इथे हमखास चूक होते ती छाती भरभरून श्वास घेण्याची. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस जास्तच घाबरतो. श्वास हलकाच घ्या, लांबवायचा तो सोडताना. दम पुरत नसेल तर ३ आणि ४ मोजा.

मग कागद घ्या. ‘टेन्शन आलंय’ एवढ्याने भागत नाही. भीती, राग, लाज की दुःख, ते नाव लिहा आणि जोर ० ते १०० मध्ये किती, तेही. खाली दोन रकाने पाडा: माझ्या हातातलं आणि हाताबाहेरचं. पहिल्यातलं एकच काम उचला, तेही १५ मिनिटांत उरकेल इतकं लहान. ‘कर्जाचं बघायचं’ हे काम नव्हे. ‘बँकेच्या पत्राचं पाकीट उघडून रक्कम आणि तारीख वहीत उतरवायची’ हे काम. ते झालं की जोराचा आकडा पुन्हा लिहा.

हाताबाहेरच्या गोष्टींचे विचार दाबू नका, दाबलेला विचार उलट वर येतो. त्यांच्यासाठी रोज ३० मिनिटांची ठरलेली वेळ ठेवा, झोपेच्या तोंडावर मात्र नको. एरवी चिंता आली की दोन शब्दांत टिपून ठेवायची.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे टाळणं. फोन उचलला नाही की त्या क्षणी हायसं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी तो उचलणं आणखी जड जातं. दारूचंही तेच: डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते आणि सकाळी मन जास्त हळवं असतं.

उदासी किंवा कशातच रस न वाटणं २ आठवडे जवळजवळ रोज टिकलं, तर डॉक्टर किंवा समुपदेशकाला गाठा. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच दिवशी मदत मागा, एकटं राहू नका. दुसऱ्या कुणाबद्दल तशी शंका आली तर ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश न करता ऐका, जिवाला धोका होईल अशा वस्तू दूर ठेवा आणि मदत येईपर्यंत तिथून हलू नका.