घरी बीपी मोजताय? या चुका टाळा

डिसेंबरातली थंडी, सकाळचे सात. नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंचा फोन आला. "सिस्टर, मशीन 168 दाखवून राहिली. आणखी एक गोळी घेऊन घेऊ का?" म्हटलं, गोळी घेऊ नका, मी येतेच.

जाऊन पाहते तर काकू दिवाणावर बसलेल्या, पाय लोंबकळत, मशीनचा पट्टा स्वेटरच्या बाहीवरून गुंडाळलेला, आणि दुधाच्या हिशोबावरून सुनेशी बोलणं सुरूच. त्यांना पाठ टेकून खुर्चीत बसवलं, पाय जमिनीवर ठेवायला सांगितले, बाही काढली, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला. पाच मिनिटं घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मग मोजला तर वरचा आकडा 146. थोडा जास्तच होता, पण ती आणखी एक गोळी त्यांनी घेतली असती तर आंघोळीला उठताना भोवळ आली असती, याची मला खरी धास्ती वाटली.

पट्ट्याचं माप कुणी बघतच नाही. साधा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. जाड दंडाला तो आवळला की बीपी उगाच जास्त दिसतो. शिवणाच्या टेपने दंड मोजा आणि मोठा पट्टा लागत असेल तर तो वेगळा घ्या. मनगटावरची मशीन शक्यतो घेऊ नका, हात जरा खालीवर झाला की आकडा बदलतो.

चहा, सिगारेट, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) यांनंतर अर्धा तास मोजू नये. आपल्याकडे खर्रा इतका अंगवळणी पडलाय की लोक तो तोंडात ठेवूनच हात पुढे करतात! लघवी तुंबलेली असेल तर आधी जाऊन या.

मोजायचा कधी? सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी, आणि संध्याकाळी. दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. डॉक्टरांकडे जायच्या आधी सात दिवस असं करून सगळे आकडे वहीत लिहा, चांगले तेवढेच नाही. घरी सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त येत असेल तर बीपी वाढलेला समजतात. दवाखान्यातली 140/90 ची रेषा घरच्या आकड्याला लावू नका. आणि घाबरून दहा-दहा वेळा मोजू नका, त्या काळजीनेच तो चढतो.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो "आता नॉर्मल आला, गोळी सोडली" हे ऐकून. अहो, गोळी सुरू आहे म्हणून तर 128 येतोय! अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने पायावर सूज आली तरी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनीही बीपी वाढतो, हे मात्र बहुतेक घरांत कुणाला ठाऊक नसतं.

मीठ दिवसाला एक लहान चमचा, म्हणजे 5 ग्रॅमच्या आत. लोणचं, पापड, कुरड्या, तर्रीचं मीठ यातच धरायचं. सैंधवही मीठच. अ‍ॅसिडिटीच्या फसफसणाऱ्या पावडरीतही सोडियम असतं.

आता आपल्या नागपूरच्या मे महिन्याचं. पारा 45 वर गेला की घाम आणि पाणी कमी पडल्याने बीपी खाली येतो, त्यात लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी बसून एकदा आणि उभं राहून एक ते तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, दोन्ही आकडे डॉक्टरांना फोनवर सांगा. गोळीचा डोस तेच कमी-जास्त करतील.

आणि 180/120 च्या वर दिसलं तर? पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला, पण त्रास काही नसेल, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलताना जीभ अडखळणं, हात-पाय लुळा पडणं, नजर धूसर होणं यातलं काहीही असेल तर दुसऱ्यांदा मोजत बसू नका, लगेच 108 ला फोन लावा.